लांबणीवर पडलेली सभा

३ मार्च १९१७ रोजी रशियाची तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड इथल्या मिलिओन्नाया रस्त्यावर, १२ क्रमांकाच्या घरात, एक छोटासा कागद लिहिला गेला. आदल्या रात्री प्स्कोव्ह स्थानकात उभ्या असलेल्या आगगाडीत झार दुसऱ्या निकोलसने राजत्यागाच्या पत्रावर सही केली होती. त्याने स्वतःचा हक्क सोडला, बारा वर्षांच्या आजारी मुलाचाही सोडला आणि गादी धाकटा भाऊ मिखाईल याच्या नावे केली. मुलाच्या वतीने हक्क सोडण्याची मुभा १७९७ च्या वारसा-कायद्याने झारला दिलेली नव्हती. पण कायद्याचा कीस पाडायला त्या दिवशी कोणाला सवड होती? मिखाईलसमोर बसलेल्या पुढाऱ्यांपैकी इतिहासकार मिल्युकोव्ह त्याला गादी घ्या म्हणून विनवत होता. लोकांच्या ओळखीचा काहीतरी जुना आधार हवा, नाहीतर नवे सरकार संविधान सभेपर्यंतसुद्धा तगणार नाही, हे त्याचे म्हणणे. समाजवादी पुढारी केरेन्स्की याचे म्हणणे नेमके उलट होते. जिवाची हमी द्याल का, असे मिखाईलने विचारले, तेव्हा दूमाचा, म्हणजे संसदेचा, अध्यक्ष रोद्झियान्को याला ती देता आली नाही. मग व्लादिमीर नाबोकोव्ह आणि बॅरन नोल्डे या कायदेपंडितांच्या मदतीने मजकूर तयार झाला. सर्व लोकांनी निवडलेल्या संविधान सभेने देऊ केली तरच मी राजसत्ता स्वीकारीन, आणि तोवर सर्वांनी हंगामी सरकारची आज्ञा पाळावी, असे त्या कागदात म्हटले होते. १६१३ पासून चालत आलेली रोमानोव्ह घराण्याची सत्ता तिथे संपली.

या पुस्तकाचा विषय त्या कागदापासून सुरू होतो, आणि माझे म्हणणेही त्याच्याच आधारावर उभे आहे. त्या मजकुराने दोन गोष्टी केल्या. राजेशाही संपवली, हे उघड आहे. पण त्याचबरोबर तिच्या जागी येणाऱ्या प्रत्येक सत्तेवर ‘तूर्तास’ असा शिक्का मारला. यापुढे रशियात राज्य करण्याचा खरा हक्क फक्त एका संस्थेला होता, आणि ती संस्था अजून जन्मालाच आली नव्हती. हंगामी सरकारकडे ना वंशपरंपरेचा अधिकार होता, ना मतपेटीचा. संविधान सभा बोलावण्याचे वचन एवढेच त्याचे भांडवल. म्हणून १९१७ मधल्या सत्तासंघर्षाचा निकाल ऑक्टोबरमध्ये हिवाळी राजवाड्याच्या दारात लागला नाही, तो उन्हाळ्यात लागला, असे मला वाटते. ते वचन पुढे ढकलले गेले तेव्हाच सरकारच्या पायाखालची वाळू सरकली. ऑक्टोबरमध्ये लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने घेतलेली सत्ता तोवर बरीचशी बेवारस झालेली होती. (या प्रस्तावनेतल्या रशियन घटनांच्या तारखा १९१८ च्या जानेवारीअखेरपर्यंत तिथे चालू असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत. आपल्या तारखेसाठी त्यांत १३ दिवस मिळवावेत.)

मराठी वाचकाला रशियन क्रांती मुख्यतः ऑक्टोबरपासून माहीत आहे, आणि त्याला कारण आहे. श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये मुंबईत ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका काढली, पुढे अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. गिरणगावातल्या कामगार चळवळीने ज्या रशियाकडे आशेने पाहिले तो ऑक्टोबरनंतरचा होता. त्या आशेचे मोल मला कमी करायचे नाही. पण तिच्यामुळे फेब्रुवारी ते ऑक्टोबर हे आठ महिने केवळ मोठ्या नाटकाआधीच्या नांदीसारखे वाचले गेले. प्रत्यक्षात त्या आठ महिन्यांत अनेक वाटा खुल्या होत्या, आणि त्या एकेक करून कशा बंद झाल्या हे पाहिल्याशिवाय ऑक्टोबरही कळत नाही.

लांबणीवर टाकण्याची सवय खुद्द झारपासून आलेली होती. १९०५ च्या जानेवारीत राजधानीत निःशस्त्र मिरवणुकीवर गोळ्या चालल्या, वर्षभर संप आणि दंगे पेटत राहिले, तेव्हा १७ ऑक्टोबरच्या जाहीरनाम्यात निकोलसने नागरी हक्क आणि निवडलेली दूमा देण्याचे कबूल केले. पुढच्या वर्षीच्या मूलभूत कायद्यांत मात्र त्याने ‘एकतंत्री सम्राट’ हे आपले बिरूद राखून ठेवले. पहिली दूमा ७२ दिवसांत विसर्जित झाली. दुसरीचीही तीच गत झाली, आणि ३ जून १९०७ रोजी पंतप्रधान स्टोलिपिनने निवडणुकीचा कायदाच बदलून शेतकऱ्यांची आणि कामगारांची मते हलकी केली. दूमाला जबाबदार असे मंत्रिमंडळ द्या, ही मागणी त्यानंतर दहा वर्षे झारच्या दारात उभी राहिली. महायुद्धात, १९१५ च्या ऑगस्टमध्ये, निकोलसने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतले आणि तो मोगिलेव्हच्या छावणीत जाऊन बसला. आघाडीवरच्या प्रत्येक पराभवाचा दोष आता थेट त्याच्या माथी येऊ लागला. मागे राजधानीत राणी अलेक्झांड्रा आणि तिच्या विश्वासातला साधू रास्पुतिन यांच्या शब्दावर मंत्री येत-जात आहेत, अशी लोकांची खात्री होत गेली. राजनिष्ठ सरदारांनी डिसेंबर १९१६ मध्ये रास्पुतिनचा खून केला तो राजेशाही वाचवण्यासाठीच, पण त्याने काही बदलले नाही. जबाबदार मंत्रिमंडळाला निकोलसने होकार दिला तो थेट १ मार्चच्या रात्री, प्स्कोव्हमध्ये. तोवर राजधानी त्याच्या हातून गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच आघाड्यांच्या सेनापतींनी तारा पाठवून त्याला गादी सोडण्याचा सल्ला दिला.

त्याआधीच्या आठवड्यात राजधानीत जे घडले त्याची योजना कोणी केलेली नव्हती. २३ फेब्रुवारीला, महिला दिनी, व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी रस्त्यावर आल्या. पुतिलोव्ह कारखान्याला आदल्याच दिवशी टाळे लागले होते. दोन दिवसांत संप शहरभर पसरला. २६ तारखेला सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या आणि २७ ला त्याच सैन्यातल्या व्होलिन्स्की पलटणीने बंड केले. संध्याकाळपर्यंत राजधानीतली शिबंदी लोकांच्या बाजूला गेली होती. पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे आहे ते त्याच दिवशी तौरिदा राजवाड्यात घडलेले. झारने दूमाचे अधिवेशन तहकूब केल्याचे फर्मान काढले होते. सदस्यांनी ते मोडले नाही. ते नेहमीचे सभागृह सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार दालनात गेले आणि आपली बैठक ‘खासगी’ आहे असे ठरवून त्यांनी एक तात्पुरती समिती नेमली. रस्त्यावर सैन्य बंड करून उठले असताना देशाची एकमेव निवडलेली संसद आपल्या नावाने सत्ता हाती घ्यायला धजली नाही. त्याच राजवाड्याच्या दुसऱ्या भागात कामगारांची आणि मग सैनिकांची सोव्हिएत, म्हणजे प्रतिनिधींची परिषद, भरली. तिच्या मागे संगिनी होत्या, कारखाने होते, रेल्वे होती. तरी तिच्या मेन्शेविक आणि समाजवादी क्रांतिकारक पुढाऱ्यांनाही सत्ता नको होती. ही भांडवलदारांची क्रांती आहे, राज्य त्यांनी करावे, आपण पहारा ठेवावा, असे त्यांचे शास्त्र सांगत होते. २ मार्चला मिल्युकोव्हने नव्या मंत्र्यांची नावे वाचली, तेव्हा गर्दीतून कोणीतरी विचारले की तुम्हाला निवडले कोणी. रशियन क्रांतीने, असे त्याने उत्तर दिले. त्या क्षणी ते उत्तर शोभून दिसले. पण क्रांती सही-शिक्का देत नाही, आणि पुढच्या आठवड्यातच युद्धमंत्री गुच्कोव्हने सरसेनापतीला लिहिले की सोव्हिएत जेवढे चालू देईल तेवढेच या सरकारचे चालते.

हंगामी सरकार निकामी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही आठवड्यांत त्याने देहदंड रद्द केला, राजकीय कैदी सोडले, धर्म आणि वंश यांवरून असलेली बंधने उठवली. पण देशाचा जीव ज्यात अडकला होता त्या दोन प्रश्नांना, म्हणजे जमीन आणि युद्ध यांना, त्याच्याकडे एकच उत्तर होते, आणि ते म्हणजे थांबा. जमिनीचा मालक कोण हे ठरवण्याचा अधिकार संविधान सभेचा, म्हणून जमीनदारांच्या शेतांना तोवर हात लावू नका, असे गावांना सांगितले गेले. समाजवादी क्रांतिकारकांचा पुढारी व्हिक्टर चेर्नोव्ह मे महिन्यात कृषिमंत्री झाला. मधल्या काळासाठी जमीन गावसमित्यांच्या ताब्यात द्यावी, असे त्याचे प्रयत्न होते, पण सहकारी मंत्र्यांनी त्याला पदोपदी अडवले. तात्त्विकदृष्ट्या सरकारचे बरोबरच होते. ज्याला लोकांनी मत दिलेले नाही त्याने देशाची मालकी फिरवू नये, हा विवेक मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु या विवेकाला एक अट होती. सभा लवकर भरायला हवी होती. पेरणी, कापणी आणि पुन्हा पेरणी यांच्या चक्रात जगणाऱ्या शेतकऱ्याला ‘थांब’ म्हणायचे असेल तर किती दिवस, ते सांगावे लागते. ३ मार्चच्या पहिल्याच घोषणेत सरकारने सभेची तयारी ताबडतोब सुरू करण्याचे आश्वासन दिले होते. निवडणुकीचा कायदा करणाऱ्या विशेष मंडळाची पहिली बैठक भरायला २५ मे उजाडला. जूनच्या मध्यावर मतदानाची तारीख ठरली १७ सप्टेंबर. ९ ऑगस्टला ती बदलून १२ नोव्हेंबर केली गेली. या दरम्यान सरकारने युद्धाबाबत मात्र थांबणे पसंत केले नाही. १८ जूनला, आता युद्धमंत्री झालेल्या केरेन्स्कीच्या आग्रहाने गॅलिशियात नवी चढाई सुरू झाली आणि काही दिवसांत ती कोसळली. जी सभा युद्ध आणि तह यांचा निर्णय करणार होती तिची वाट न पाहता सैनिकांना मरायला पाठवता येते, पण जमिनीसाठी मात्र तिची वाट पाहावीच लागते, ही विसंगती खंदकातल्या शेतकऱ्याला कळायला कोणा प्रचारकाची गरज नव्हती. उन्हाळा सरता सरता गावांनी जमिनी वाटून घ्यायला सुरुवात केली आणि वाटणी चुकू नये म्हणून पलटणींतून माणसे घरी पळू लागली.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहाराचा. युद्ध चालू, लाखो पुरुष आघाडीवर, मतदार याद्या नाहीत, त्या करायला गावपातळीवर निवडलेल्या संस्था नाहीत, एवढ्या अफाट देशात घाईने निवडणूक घ्यायची कशी? अडचणी खऱ्या होत्या. मंडळातले कायदेपंडित निष्ठेने काम करत होते, आणि वीस वर्षांवरील स्त्रीपुरुष सर्वांना समान मत देणारा, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा जो कायदा त्यांनी केला तो त्या वेळच्या जगात अत्यंत पुढारलेला होता. पण निवडणूक अशक्य होती असे मात्र म्हणता येत नाही, कारण ती झाली. नोव्हेंबरमध्ये, सरकार उलथल्यानंतर, आघाडी विस्कटलेली आणि रेल्वे कोलमडत असताना, चार कोटींहून अधिक लोकांनी मत दिले. जे नोव्हेंबरच्या गोंधळात साधले ते ऑगस्टच्या मानाने शांत दिवसांत साधले नसते, हे पटत नाही. फ्रान्समध्ये १८४८ च्या फेब्रुवारीत राजा गेला आणि दोन महिन्यांत सार्वत्रिक पुरुष मताधिकाराने सभा निवडली गेली. जर्मनीत ९ नोव्हेंबर १९१८ ला कैसर गेला आणि १९ जानेवारीला मतदान झाले. हे देश लहान होते, अधिक साक्षर होते, आणि जर्मनीत बंदुका थंडावल्या होत्या, हे मान्य. म्हणून रशियाला दहा आठवडे पुरे झाले असते असे मी म्हणत नाही. मार्चपासून झटून काम केले असते तर सप्टेंबरची तारीख गाठता आली असती, एवढाच माझा दावा आहे. उशिरामागे निव्वळ अडचणी नव्हत्या, इच्छेचाही अभाव होता. मिल्युकोव्हच्या उदारमतवादी कॅडेट पक्षाला दिसत होते की शेतकऱ्यांच्या मतांत आपला निभाव लागणार नाही, आणि युद्ध जिंकेपर्यंत वेळ काढण्यात त्याला हित वाटत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लेनिनसारखा माणूस आणि त्याचा शिस्तबद्ध पक्ष समोर असताना सभा सप्टेंबरमध्ये भरली काय नि जानेवारीत भरली काय, फरक काय पडला असता? लेनिनचा वाटा मी कमी लेखत नाही. ३ एप्रिलला फिनलंड स्थानकावर उतरल्याबरोबर त्याने हंगामी सरकारला पाठिंबा देऊ नका म्हणून सांगितले, तेव्हा त्याचा पक्षही चकित झाला होता. पण इच्छाशक्तीला लोकबळ लागते, आणि ते कधी मिळाले हे आकड्यांत दिसते. जूनमधल्या पहिल्या अखिल रशियन सोव्हिएत परिषदेत मताधिकार असलेल्या आठशेंहून अधिक प्रतिनिधींपैकी बोल्शेविक होते १०५. जुलैत राजधानीतला उठाव फसला, लेनिनला भूमिगत व्हावे लागले. जूनअखेर मॉस्कोच्या नगर दूमासाठी मतदान झाले तेव्हा समाजवादी क्रांतिकारकांना ५८ टक्के मते मिळाली, बोल्शेविकांना सुमारे १२. त्याच मॉस्कोत सप्टेंबरअखेर प्रभागांच्या निवडणुकीत बोल्शेविकांना ५१ टक्के मिळाली आणि समाजवादी क्रांतिकारक १४ वर आले. मतदानही बरेच घटले होते, म्हणजे मधल्या पक्षांचे मतदार काही अंशी घरीच बसले. या तीन महिन्यांत काय झाले? चढाई कोसळली, आघाडीवर देहदंड परत आला, ऑगस्टच्या अखेरीस सेनापती कोर्निलोव्हने राजधानीवर सैन्य धाडले आणि त्याला तोंड देण्यासाठी तोवर पंतप्रधान झालेल्या केरेन्स्कीला बोल्शेविक कामगारांच्या हाती बंदुका जाऊ द्याव्या लागल्या. आणि याच काळात सभेची तारीख दोन महिने पुढे गेली. बोल्शेविकांनी या उशिराचा पुरेपूर उपयोग केला. हे सरकार सभा होऊच देणार नाही, सोव्हिएतच्या हाती सत्ता आली तरच ती भरेल, असे ते कारखान्याकारखान्यांत सांगत होते. २६ ऑक्टोबरला लेनिनचे सरकार स्थापन झाले, तेव्हा त्याच्या हुकूमनाम्यातही ते ‘संविधान सभा भरेपर्यंत’ असलेले हंगामी सरकारच म्हटले गेले. मिलिओन्नायावरच्या कागदाचा धाक त्या दिवशी लेनिनलाही होता. सभा सप्टेंबरमध्येच बसलेली असती तर तिच्याविरुद्ध उठणे हे केरेन्स्कीविरुद्ध उठण्याइतके सोपे नव्हते.

मग जानेवारीत ती इतक्या सहज कशी उधळली गेली? हा तिसरा आक्षेप, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारा. निकाल स्पष्ट होता. समाजवादी क्रांतिकारकांना सुमारे चाळीस टक्के मते होती, बोल्शेविकांना चोवीसच्या आसपास. ५ जानेवारी १९१८ रोजी तौरिदा राजवाड्यात सभा भरली आणि चेर्नोव्ह अध्यक्ष निवडला गेला. बाहेर तिच्या समर्थनार्थ निघालेल्या मोर्चावर गोळ्या चालल्या, माणसे मेली. पहाटे जेलेझ्न्याकोव्ह नावाच्या खलाशाने पहारेकरी थकले आहेत असे सांगून सभा आवरती घ्यायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी राजवाड्याची दारे बंद होती. देश पेटून उठला नाही. लोकांना सभा नकोच होती, असा निष्कर्ष यातून काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. चार कोटी माणसे नको असलेल्या गोष्टीसाठी रांगा लावत नाहीत. त्या रात्री सभेजवळ लोकांना देण्यासारखे काही उरले नव्हते, हे खरे कारण आहे. २६ ऑक्टोबरच्या हुकूमनाम्यांनी जमीन शेतकऱ्यांची झाली होती आणि तहाची बोलणी सुरू झाली होती. जमिनीचा तो हुकूमनामाही शेतकऱ्यांच्या २४२ मागणीपत्रांवरून केलेला, मूळचा समाजवादी क्रांतिकारकांचाच कार्यक्रम. चेर्नोव्हच्या पक्षाने जे आठ महिने सभेसाठी राखून ठेवले ते लेनिनने एका रात्रीत वाटून टाकले. पहाटे शेवटच्या मिनिटांत सभेने घाईघाईने जमिनीचा कायदा मंजूर केला. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही आपली म्हण इथे जिव्हारी लागते.

लेनिनची बाजूही नोंदवली पाहिजे. समाजवादी क्रांतिकारक पक्ष निवडणुकीच्या सुमारास फुटला, डावा गट बोल्शेविकांबरोबर गेला, पण उमेदवार याद्या फुटीआधीच्या होत्या. म्हणून निकाल लोकांचे खरे मन दाखवत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. यात तथ्य आहे. पण सदोष यादीवर उपाय पुन्हा निवडणूक हा असतो, आणि ती सर्वाधिकारी सभेची निवडणूक रशियात त्यानंतर झाली नाही.

रशियन माणसाच्या स्वभावातच लोकशाही नव्हती, असे मानणाऱ्यांना मी थोडक्यात उत्तर देतो. १८६४ पासून चालत आलेल्या जिल्हा स्वराज्य संस्था, गावकीच्या सभेत जमिनीच्या वाटण्या करण्याची शेतकऱ्यांची जुनी रीत, आणि नोव्हेंबरचे ते प्रचंड मतदान हे सारे दृष्टीआड केल्याशिवाय असे म्हणता येत नाही.

सभा उधळल्यावर संघर्ष हत्यारांवर गेला. तिच्या काही सदस्यांनी १९१८ च्या जूनमध्ये व्होल्गाकाठच्या समारा शहरात तिच्या नावाने सरकार उभारले, पण त्याला सैन्य पुरेसे मिळाले नाही. पुढे पूर्वेकडच्या बोल्शेविकविरोधी गटांनी मिळून जे सरकार केले ते नोव्हेंबरमध्ये ओम्स्कला अॅडमिरल कोल्चाकच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी मोडून काढले आणि सभेच्या माणसांना तुरुंगात घातले. म्हणजे लालांनी, बोल्शेविकांनी, बंद केलेले दार त्यांच्या पांढऱ्या विरोधकांनी पुन्हा उघडू दिले नाही. पुढची तीन वर्षे या पुस्तकात सविस्तर येतात. इथे फक्त ज्यांच्या हातून तो पहिला कागद आणि तो निवडणूक-कायदा गेला त्यांची नोंद करतो. कायदा करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष फ्योदोर कोकोश्किन सभेवर निवडून आला, पण ती भरण्याआधीच त्याला अटक झाली. ती उधळल्यावर दुसऱ्याच रात्री, रुग्णालयातल्या खाटेवर, खलाशांनी त्याला आणि त्याचा सहकारी शिंगार्योव्ह याला गोळ्या घातल्या. मिखाईलला १९१८ च्या जूनमध्ये पेर्मजवळ नेऊन ठार केले गेले. नाबोकोव्ह निसटून बर्लिनला पोचला. तिथे मार्च १९२२ मध्ये मिल्युकोव्हचे व्याख्यान चालू असताना दोन राजेशाहीवादी रशियनांनी पिस्तुले काढली. नेम मिल्युकोव्हवर होता, पण हल्लेखोराला धरायला पुढे झालेला नाबोकोव्ह मारला गेला.